आवाज एकीकडे, दुखणं दुसरीकडे : एका चिनी कार्बन फ्रेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ही सायकल पहिल्यांदा आली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. मालक अडतिशीतले, चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात इंजिनिअर. उंची पाच फूट अकरा इंच, वजन ८२ किलो. आठवड्यातून तीनदा पहाटे वेताळ टेकडी, रविवारी बोपदेव घाट नाहीतर सिंहगड. नाव इथे देत नाही. बाकी सगळं त्यांच्या परवानगीने, जसं घडलं तसं लिहितोय.

फ्रेम २०२१ ची. कोविडच्या त्या काळात सायकलींचा जगभर तुटवडा होता आणि चांगल्या माउंटन बाइकसाठी दुकानदार महिनोन्‌महिने थांबायला सांगत होते. यांनी थेट चीनमधल्या एका विक्रेत्याकडून २९ इंची चाकांची कार्बन हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) फ्रेम मागवली. वर नाव नाही, काळा मॅट रंग. अशा फ्रेमना ‘ओपन मोल्ड’ म्हणतात : साचा कारखान्याचा, त्यातून निघालेली फ्रेम कोणीही आपला शिक्का मारून विकावी. फ्रेमचे ३४ हजार, त्यावर कस्टम ड्यूटी, कर आणि कुरिअर धरून ४९ हजारांच्या घरात गेली. बाकीचे पार्ट त्यांनी जुन्या सायकलवरून काढून स्वतः घरी बसवले.

चिनी म्हणजे टाकाऊ, असं मी मानत नाही. भल्याभल्या कंपन्यांच्या कार्बन फ्रेम चीनमध्ये आणि तैवानमध्येच बनतात. फरक पडतो तो तपासणीत. नावाजलेली कंपनी साच्यातून आलेला माल मोजते, बाद करते, आणि चूक निघाली तर निस्तरते. बिननावाची फ्रेम घेतली की ते काम कोणीतरी करावंच लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे घेणारा. या प्रकरणात ते काम दीड वर्ष कोणीच केलं नाही. त्यात मीही आलो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यातून निघालं. यांच्या उंचीला १९ इंची फ्रेम हवी होती. विक्रेत्याकडे १७ इंची तयार होती, १९ ला दोन महिने लागणार होते. ‘सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) जरा वर काढली की झालं’ असं म्हणून त्यांनी १७ घेतली.

अडचण

पहिलं वर्ष ठीक गेलं. २०२२ च्या पावसाळ्यात आवाज सुरू झाला. चढाला जोर लावला की उजवा पाय खाली जाताना ‘कट्’, डावा जाताना ‘कट्’. सपाटीला काही नाही. पंचवटीच्या बाजूने टेकडी चढताना पुढचे लोक मागे वळून बघायला लागले, तेव्हा यांनी एका दुकानात सायकल दाखवली.

तिथे सीटपोस्टवर संशय घेतला गेला. पोस्ट काढून, ग्रीस लावून पुन्हा बसवली. दोन दिवस आवाज कमी वाटला. मग नवीनच त्रास : पोस्ट खाली सरकायला लागली. प्रत्येक राइडला बोटभर. म्हणून पोस्ट धरून ठेवणारा क्लॅम्प आणखी आवळला. तरी सरकली, म्हणून आणखी.

कार्बनमध्ये सीटपोस्टला ग्रीस लावत नाहीत, खरखरीत कणांची कार्बन पेस्ट लावतात. पेस्टमुळे कमी आवळूनही पकड येते. ग्रीसने नेमकं उलट होतं. बऱ्याच सीट क्लॅम्पवर टॉर्कची, म्हणजे आवळण्याच्या जोराची, ५ न्यूटन मीटर ही मर्यादा लिहिलेली असते. हाताच्या भाषेत सांगायचं तर दहा सेंटिमीटर लांबीच्या अ‍ॅलन कीच्या टोकाला पाच किलोचा दाब. लांब पाना घेऊन दात-ओठ खात आवळलं की त्याच्या दुप्पट सहज जातं, आणि हाताला कळतही नाही.

ऑक्टोबरमध्ये सायकल माझ्याकडे आली तेव्हा तक्रार एकच होती, आवाजाची. मी चेनरिंगचे बोल्ट काढून साफ केले, क्रँकचे बोल्ट टॉर्कवर आवळले, पॅडलचे आटे पुसून ग्रीस केले आणि वर्कशॉपसमोरच्या गल्लीत दोन चकरा मारल्या. आवाज नाही. सायकल दिली. त्या गल्लीला चढ नाही, आणि मी त्यांच्याइतका जोर लावलाच नव्हता. शिवाय सीटट्यूबच्या (पोस्ट जिच्यात बसते त्या नळीच्या) तोंडाशी ग्रीसचा काळा ओघळ दिसत होता, तो मी फडक्याने पुसला आणि ‘हे कोणी लावलं?’ असं विचारलं नाही. तेव्हाच विचारलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते.

जानेवारी २०२३ मध्ये ते परत आले. आवाज पूर्वीपेक्षा मोठा. आणि सीटट्यूबच्या खाचेखाली (क्लॅम्प आवळला की नळी मिटावी म्हणून ठेवलेल्या फटीखाली) रंगावर एक बारीक रेघ.

“काका, रेघ रंगाचीच आहे ना? आवाजाचं तेवढं बघा.”

पहिला निर्णय : आधी काय बघायचं

त्यांना आवाज छळत होता, मला रेघ. आवाज महिनाभर राहिला तरी माणूस पडत नाही. कार्बन मात्र स्टीलसारखा आधी वाकून इशारा देत नाही. मी सांगितलं, रेघ काय आहे हे कळेपर्यंत सायकल इथेच राहील. त्यांना ते आवडलं नाही, रविवारी ग्रुपबरोबर बोपदेवला जायचं ठरलेलं होतं. दहा मिनिटं वाद झाला. शेवटी मी विचारलं, “तुमच्या लाइनवर असा पार्ट आला असता तर पुढे सोडला असता का?” ते काही बोलले नाहीत. किल्ल्या उचलल्या आणि रिक्षाने घरी गेले.

सीटट्यूबवरची रेघ

रेघ खाचेच्या खालच्या टोकापासून निघून तिरकी पुढे गेलेली, साधारण १४ मिलिमीटर. आधी नाण्याने ठोकून पाहिलं. चांगल्या कार्बनवर नाणं खणखणतं, थर सुटले असतील तिथे बद्द वाजतं. खाचेजवळ आवाज किंचित बसका वाटला, पण तिथे ट्यूबची जाडीही बदलते, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबता येईना.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. फडक्याने पुसलं आणि सुकताना टॉर्च धरून बघत बसलो. सगळीकडचं उडून गेलं आणि रेघेत ओल राहिली, केसासारखी काळी. म्हणजे तिला खोली होती. पण ती रंगाच्या थरापुरती की त्याच्याही खाली?

मालकांना फोन करून विचारलं, रंग घासू का? ते लगेच आले आणि शेजारी उभे राहिले. ४०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून बोटाभोवती गुंडाळला. मॅट रंग गेला, मग वरचा लॅकर. लॅकर घासताना पाण्यात पांढुरकं दूध निघतं. दर दहा-बारा हातांनी पुसायचं, बघायचं. रेघेचा खालचा भाग पांढरं निघत असतानाच नाहीसा झाला, म्हणजे तो फक्त रंगाला तडा होता. मालकांनी सुस्कारा सोडला. मी वर सरकलो. खाचेच्या टोकाशी पाणी काळं यायला लागलं, म्हणजे कार्बन लागला होता. मी हात थांबवला. रेघ तिथेही होती. नऊ मिलिमीटर, धाग्यांना आडवी.

भिंगातून खाचेचं टोक पाहिलं तेव्हा कारण दिसलं. काळजीने बनवलेल्या फ्रेममध्ये ही खाच गोल छिद्रात संपते, म्हणजे ताण एका बिंदूवर साचत नाही. इथे करवतीने कापल्यासारखी चौकोनी संपलेली. त्या कोपऱ्यातूनच तडा निघाला होता.

पण कोपरा एकटा दोषी नव्हता. पोस्ट ४०० मिलिमीटरची, त्यातली ३१० बाहेर, ९० आत. टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या) जोडाची खालची कड सीटट्यूबच्या तोंडापासून १०५ मिलिमीटरवर. पोस्ट जोडाच्या खालपर्यंत पोचतच नव्हती. बसल्यावर ८२ किलोंचा सगळा भार जोडाच्या वरच्या तुकड्यावर, तरफेसारखा. लहान फ्रेम, आखूड पोस्ट, चौकोनी खाच, ग्रीस, आणि वरून आवळणं. तडा गेला नसता तरच नवल.

आवाजाचा माग

हे सगळं झालं तरी आवाज या तड्याचा नव्हता. मालक उभं राहून पॅडल मारायचे तेव्हाही आवाज यायचा, आणि तेव्हा सीटवर वजनच नसतं.

कार्बन फ्रेम म्हणजे ढोलकी. आत पोकळ, भिंती पातळ. मागच्या अ‍ॅक्सलचा आवाज हेडसेटमध्ये (हँडल फिरतं त्या बेअरिंगमध्ये) ऐकू येतो, बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, पॅडलचा आस फिरतो त्या बेअरिंगांच्या भागाचा) सीटमध्ये. म्हणून कानाने शोधायचं नाही, एकेक जागा बाद करत जायचं. दुसरे पॅडल लावले, आवाज तसाच. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, हेडसेट शांत. मागचं चाक बदललं, आवाज तसाच. राहिला बीबी.

तिथे बोटं कामी येतात. मालकांनी दोन्ही ब्रेक धरून पॅडल घड्याळातल्या तीनच्या जागी आणलं आणि उभ्याने दाब दिला. मी अंगठ्याचं नख अर्धं बीबीच्या कपावर (बेअरिंग धरणाऱ्या वाटीवर), अर्धं फ्रेमवर टेकवलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे प्रत्येक दाबाला कप नखाखाली हलला. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण नखाला स्पष्ट. आणि त्याच क्षणी ‘कट्’.

या फ्रेमचा बीबी दाबून बसवायचा, ४१ मिलिमीटरच्या भोकाचा, म्हणजे बीबी ९२. आटे नाहीत, सगळी भिस्त मापावर. उजवा कप काढायला आठ-दहा ठोके लागले. डावा दोन ठोक्यांत हातात आला. फ्रेम उभी केली तर आतून दोन-तीन चमचे तांबडं पाणी निघालं, टेकडीच्या मुरमाचं. खाली पाणी जायला छिद्र होतं, पण ते रंगाने बुजलेलं.

शनिवारी मालकांनी कारखान्यातून परवानगी घेऊन बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) आणलं. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट मोजणारा माणूस स्वतःच्या फ्रेमवर गेज लावत होता, आणि आकडे वाचताना त्याचा आवाज खाली खाली येत गेला. उजवं भोक दोन्ही दिशांना जवळपास सारखं, फरक ०.०२ मिलिमीटर. डावं भोक लंबगोल, उभ्या आणि आडव्या मापात ०.११ मिलिमीटरचा फरक. एवढ्याने कप सैल बसतो, प्रत्येक पॅडलला डुलतो, त्यात मुरूम शिरतो आणि भोक आणखी झिजतं. किती फरक पहिल्या दिवसापासूनचा आणि किती नंतर घासून झालेला, हे सांगायला पहिल्या दिवशीचं माप हवं होतं.

समोर होते ते मार्ग

पहिला, विक्रेत्याकडे दावा. फोटो, व्हिडिओ, गेजचे आकडे पाठवले. उत्तर सभ्य होतं : मापाची तक्रार पार्ट बसवण्याआधीच धरली जाते, तड्याबद्दल साठ टक्के किमतीत नवी फ्रेम देऊ, वाहतूक आणि कर तुमचे. हिशेब केला तर पुन्हा तीस-पस्तीस हजार, आणि नव्या फ्रेमचं भोक गोल निघेलच याची हमी नाही.

दुसरा, फ्रेम टाकून देणं. घरच्यांचा कौल हाच होता, आणि त्याला मी हसण्यावारी नेलं नाही. तडा हेडट्यूबला (हँडलखालच्या नळीला), डाउनट्यूबला (तिथून खाली पॅडलकडे येणाऱ्या नळीला) किंवा फोर्कच्या स्टिअररला (हेडट्यूबमधून वर जाणाऱ्या दांड्याला) असता तर मीही हेच सांगितलं असतं आणि दुरुस्तीला हात लावला नसता. तिथे मोडलं तर माणूस तोंडावर आपटतो.

तिसरा, तसंच चालवत लक्ष ठेवणं. हा मी लगेच फेटाळला. आडवा गेलेला तडा दर बसण्याला उघडतो-मिटतो, तो थांबत नाही.

चौथा, दुरुस्ती. सीटट्यूबच्या वरच्या टोकाला आतून पोस्टचा आधार असतो. पोस्ट जोडाच्या पुरेशी खाली नेली, तर दुरुस्त केलेल्या जागेवरचा भार बराच कमी होतो. याच कारणाने मी दुरुस्तीला तयार झालो, पैसे वाचतात म्हणून नाही.

बीबीचाही प्रश्न होताच. सैल कप नुसत्या गोंदाने धरायचा, अ‍ॅल्युमिनियमची बाही आत चिकटवायची, की दोन्ही कप आतून एकमेकांत आट्यांनी आवळले जातात तसला बीबी घ्यायचा? नुसता गोंद मला पटत नव्हता. रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे असे जोड पक्के करायचा गोंद, हवा मिळेनाशी झाली आणि धातूची संगत मिळाली की घट्ट होतं, कार्बन आणि प्लॅस्टिकमध्ये ते नीट धरत नाही, आणि काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. बाहीसाठी भोक आणखी कोरावं लागलं असतं. आधीच घायाळ झालेल्या फ्रेमचं मांस काढायला माझा हात धजला नाही.

काय केलं

तड्याचं काम मी केलं नाही. ते पिंपरीतल्या एका कारागिरांकडे दिलं, कॉम्पोझिटमध्ये त्यांचा हात बसलेला आहे. त्यांनी आधी खाचेचं टोक गोल केलं, मग तड्याभोवती उतार देत घासलं आणि कार्बनचे थर चढवले, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा मोठा, धाग्यांची दिशा बदलत. आतलं भोक गोल राहावं म्हणून जुनी पोस्ट मेणकापड गुंडाळून साच्यासारखी आत ठेवली. व्हॅक्यूम पिशवी लावली, रेझिन सुकू दिलं. नऊ हजार रुपये आणि बारा दिवस.

नवी पोस्ट ४३० मिलिमीटरची घेतली. आता १२० आत, म्हणजे जोडाच्या खालच्या कडेपलीकडे १५. कार्बन पेस्ट, ५ न्यूटन मीटर, आणि क्लॅम्पची फट फ्रेमच्या खाचेच्या विरुद्ध बाजूला फिरवून.

बीबी आट्यांनी जोडला जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा. दोन्ही कप एकाच सरळ रेषेत धरले जातात, त्यामुळे डाव्या भोकाच्या लंबगोलपणाला कप तिरका करता येत नाही. डाव्या बाजूला प्राइमर मारून रिटेनिंग कंपाउंड लावलं. इथे एक बाजू धातूची होती आणि उरलेलं काम प्राइमरने केलं. फट भरली, शिवाय अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन यांच्यात पडदा झाला. या दोघांमध्ये पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. चोवीस तास हात लावला नाही. खालचं बुजलेलं छिद्र सुईने मोकळं केलं.

फ्रेम उघडीच होती म्हणून दोराही लावला. हेडट्यूबभोवतून दोन्ही बाजूंनी मागच्या ड्रॉपआउटपर्यंत (मागचं चाक अडकतं त्या टोकांपर्यंत) दोरा ताणायचा आणि सीटट्यूबपासूनचं अंतर मोजायचं. जुनी पद्धत, पेठेतल्या माझ्या वस्तादांनी स्टीलच्या फ्रेमवर शिकवलेली. दोन्हीकडे अंतर सारखं आलं. फ्रेम सरळ होती, याचं मालकांना फार समाधान वाटलं. मलाही.

पुढे काय झालं

या वेळी गल्लीत चकरा नाहीत. मालकांबरोबर मी स्वतः पंचवटीच्या बाजूने टेकडी चढलो. मोठा ‘कट्’ गेला होता. मागून एक बारीक ‘टिक्’ येत होता. तिथेच दगडावर सायकल उलटी केली. गिअर हँगर (मागचा गिअर ज्याला लटकतो तो तुकडा) आणि फ्रेम यांच्या बेचक्यात वाळलेली माती. हँगर काढून पुसला, बोल्ट टॉर्कवर बसवला, आवाज संपला. बीबी केल्यावर हा आवाज ऐकून आम्ही पुन्हा बीबीच उघडला असता, तर नव्याने चिकटवलेला कप हलवून बसलो असतो.

दुरुस्तीच्या कडांवर चांदी रंगाच्या मार्करने दोन रेघा मारल्या आणि पोस्टवर टेपची कड लावली, सरकली तर लगेच कळावं म्हणून. २०२३ चा पावसाळा गेला, २०२४ चाही. दोन्ही वेळा फ्रेम उघडी करून अल्कोहोल आणि टॉर्चने बघितलं. रेघा जागेवर, टेप जागेवर. पाण्याच्या जोराच्या पाइपने धुणं मात्र त्यांनी बंद केलं, बादली आणि फडकं एवढंच.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, साइज. दोन महिने थांबले असते तर पोस्ट एवढी बाहेर आली नसती. मी आता अशी फ्रेम घेऊ पाहणाऱ्यांना पहिला प्रश्न पोस्ट किती आत जाईल हा विचारतो, वजनाचं नंतर.

दुसरं, खोकं उघडलं त्या दिवसाचं. बीबीची दोन्ही भोकं दोन दिशांना, सीटट्यूबचं भोक, हेडसेटचे बेअरिंग हाताने बसतात का, मागचा अ‍ॅक्सल न अडखळता जातो का, खाचेचं टोक कसं आहे, पाण्याचं छिद्र मोकळं आहे का. तासाभराचं काम, आणि ते ग्रीसचा थेंब लागायच्या आधी, फोटोसकट. दावा करायची मुदत तेवढीच असते. त्याच विक्रेत्याकडे आट्यांच्या बीबीची फ्रेमही होती. मुरूम आणि पावसात चालवणाऱ्याने तीच घ्यावी, थोडं वजन वाढलं तरी, असं माझं ठाम मत झालंय.

माझ्या बाजूने : ऑक्टोबरमध्येच चढावर चाचणी घ्यायला हवी होती, आणि ग्रीस कोणी लावलं हे विचारायला हवं होतं. आता जॉबकार्डावर मी एक ओळ वाढवली आहे, ‘आधी कोणी काय केलं’. गिऱ्हाइकाला ते सांगताना अवघड वाटतं, म्हणून समोर बसवून चहा देऊन विचारतो.

डाव्या कपाचा निर्णय मात्र मी अजून मनात घोळवतो. चिकटवलेला कप काढायला उष्णता द्यावी लागते, आणि फ्रेमच्या रेझिनला ती सोसत नाही. म्हणून ठरवलंय की कप हलवायचे नाहीत, बेअरिंग खराब व्हायची वाट न बघता दरवर्षी फक्त तेवढेच बदलायचे. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सायकल स्टँडवर असते, आणि मालक बोअर गेज नसलं तरी टॉर्च घेऊन येतात.